निळ्या भिंतीचं तुमचं घर

डग्लसला सगळंच आवडायचं. मक्याची गरम पेज आवडायची, तळलेले नाकतोडे आवडायचे, सकाळी ओरडत जाणारा गॅसवाला आवडायचा. आमच्या गल्लीतलं तुंबलेलं गटारसुद्धा त्याला 'अस्सल' वाटायचं. ज्याला सगळंच आवडतं त्याला काहीच कळत नसतं, असं माझं मत आहे. अर्थात माझ्या मताला मीही फारशी किंमत देत नाही. चाळीस वर्षं मी मेक्सिकोतल्या वाहाका शहरात एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याची चूक दिसली की समासात खूण करायची, तोंड उघडायचं नाही, एवढंच मला येतं.

तो कॅनडाहून आठ महिन्यांसाठी आला होता, "तुमच्यासारखं जगायला." म्हणजे काय, तर दुपारी डोन्या ओतिलियाच्या खाणावळीत यायचं, काळ्या मोलेच्या, म्हणजे मिरची-चॉकलेटच्या दाट रश्श्याच्या, ताटाचे उभे-आडवे फोटो काढायचे, तोवर रस्सा थिजवायचा आणि मग डोळे मिटून "आहाहा!" करायचं.

"मास्तर, हा जेवतोय की प्रार्थना करतोय?" डोन्या ओतिलिया मला विचारायची आणि एप्रनमध्ये तोंड खुपसून हसायची.

एकदा तो माझ्यासमोर येऊन बसला आणि मी कुठे राहतो ते विचारू लागला. आमच्याकडे चारचौघांत कोणी 'माझं घर' म्हणत नाही, तो उद्धटपणा झाला. मी रीतीप्रमाणे म्हणालो, "पाण्याच्या टाकीमागे, निळ्या भिंतीचं तुमचं घर आहे." म्हणजे माझं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. डग्लसनं मात्र पत्ता वहीत उतरवून घेतला.

ऑक्टोबरात त्याच्या घरमालकिणीला मृतांच्या सणासाठी येणाऱ्या नातलगांकरता खोली हवी झाली, आणि दोन बॅगा घेऊन डग्लस माझ्या दारात उभा राहिला.

"डॉन फिदेन्सिओ, तुम्ही म्हणाला होतात ना!"

मी बाजूला सरलो. जन्मभर मी दुसरं काही केलेलं नाही.

माझ्या दोन खोल्यांपैकी एकीत पुस्तकं आहेत आणि खिडकीशी एक खुर्ची. तो त्या खुर्चीत बसला. भिंतीवर त्यानं मक्याची कणसं टांगली, कारण 'तुम्ही लोक' तसं करता म्हणे. मी पुस्तक उघडलं की तो एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायचा आणि उत्तर चालू असतानाच फोन बघायचा. बारा दिवसांत माझं एक पान वाचून झालं नाही. आणि वाचण्याखेरीज मला आयुष्यात काहीही जमलेलं नाही.

"एवढी पुस्तकं वाचलीत मास्तर," डोन्या ओतिलिया म्हणाली, "एक 'माझं' म्हणता येईना?"

"बरं दिसत नाही ते."

"मग बसा स्वयंपाकघरात. भांड्यांना वाचून दाखवा!"

तेराव्या दिवशी संध्याकाळी तो दोन मित्रांना घेऊन आला. माझ्या पुस्तकांच्या खोलीचं दार सताड उघडून त्यानं आमच्या भाषेत ऐटीत म्हटलं, "या, या! हे तुमचंच घर!"

वाक्य बिनचूक होतं. तेच मला सहन झालं नाही.

"हे माझं घर आहे," मी म्हणालो. आवाज चिरकला.

डग्लस हसला. मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चुकलात, डॉन फिदेन्सिओ! 'माझं' नाही म्हणायचं. 'तुमचं' म्हणायचं."

म्हणजे आता तो माझं मुद्रित तपासणार.

"चुकलो नाही," मी म्हणालो. "माझं घर. माझी खुर्ची. तुम्ही आता निघा."

मित्रांना आधी कळलं, त्याला नंतर. त्याचे कान लाल झाले. तासाभरात त्यानं सामान भरलं. बॅगेची चेन त्याला दोनदा उघडून पुन्हा लावावी लागली. मला दया आली नाही. यायला हवी होती, असं मात्र वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी डोन्या ओतिलियानं ताट माझ्यासमोर आदळलं.

"पाहुण्याला हाकललंत म्हणे. तेही सणाच्या तोंडावर."

"तुम्हीच तर म्हणत होता..."

"गंमत करत होते मी, मास्तर! आपल्यात असं करतं का कोणी?"

आमच्याकडे जेवून उठणारा माणूस अनोळखी टेबलांनाही "सावकाश होऊ द्या" म्हणून जातो. शेजारचा चांभार उठला, सगळ्यांना म्हणाला, माझ्या टेबलाशी येऊन गप्प झाला आणि निघून गेला. कदाचित त्यांचंच बरोबर असेल. माझं क्वचितच बरोबर असतं.

मी भराभर जेवलो. खुर्चीवर पुस्तक उघडं ठेवून आलो होतो.