बटणकाकूंच्या दारावरची घंटा

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुमचे कान लगेच टवकारतात. पण दप्तरं आवरू नका, मी शाळेची घंटा नाही. मी एक जुनी, पितळेची, मुठीएवढी घंटा आहे आणि दाराच्या वर एका वाकड्या पोलादी पट्टीवर लटकते. दार उघडलं की पट्टी हलते आणि मी बोलते. दार लावलं की पुन्हा बोलते. न विचारता बोलायची खोड मला जन्मापासूनच आहे, तेव्हा आज जरा ऐकून घ्या.

ज्या कारागिराने मला ओतलं, तो मोजकं बोलणारा माणूस होता. मला घासूनपुसून झाल्यावर त्याने माझ्या अंगावर खिळ्याने एक टिचकी मारली. मी अशी ठणाणले की कोपऱ्यात डुलक्या काढणारे त्याचे वडील दचकून उठले.

"ही भांडकुदळ निघाली बघा, बाबा," कारागीर म्हणाला.

"निघू दे की! मिळमिळीत घंटा घेऊन कोणाला काय करायचंय?"

हे माझं पहिलं कौतुक. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

मला विकत घेतलं एका तरुण बाईने. ती बटणांचं दुकान उघडणार होती. लोक हसले. म्हणाले, नुसत्या बटणांवर कुठे दुकान चालतं का? पण चाललं. बटणं, हूक, लेस, दोरे, अस्तर, सगळं काचेच्या बरण्यांत आणि छोट्या छोट्या खणांत. कोणाच्या कोटाचं एखादंच बटण तुटलेलं असायचं, तर त्याचा जुळा भाऊ शोधून काढीपर्यंत ही बाई हटायची नाही. आधी लोक तिला बटणताई म्हणायचे. पुढे केस पिकले तशा त्या बटणकाकू झाल्या. मीही त्यांना काकूच म्हणते, मनातल्या मनात.

माझं काम सोपं होतं. दार उघडलं की मी ठणकन वाजायचं. मग काकू कुठेही असोत, आतल्या खोलीत असोत, तोंडात घास असो, त्या पुढे यायच्या आणि म्हणायच्या, "या, काय दाखवू?" घंटा वाजली आणि काकू आल्या नाहीत, असं कधी झालं नाही. त्यांचा लहानगा मुलगा तर भारी वात्रट. उगाच दार ढकलून मला वाजवायचा आणि गल्ल्याच्या फळीमागे लपायचा. काकू धावत यायच्या, "या, काय दाखवू?" म्हणायच्या, आणि समोर चिटपाखरू नाही! मग त्याचा कान आणि काकूंचा हात.

संध्याकाळी झाडलोट असायची. केराची टोपली बाहेर, पाण्याची बादली आत, दार सारखं उघडायचं, आणि मी वाजले की काकू हातातलं काम टाकून वळायच्या. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. छत्रीच्या वाकड्या दांड्याने त्या मला खाली ओढायच्या आणि माझा लोलक लेसच्या तुकड्याने बांधून टाकायच्या. लोलक म्हणजे माझी जीभच की! पहिल्या दिवशी मला फार राग आला. पण काकू मला म्हणाल्या, "झालं गं बाई आजचं. आता दुकान बंद." तेव्हापासून तसंच ठरलं. मला बांधलं की दुकान बंद, सोडलं की दुकान उघडं. मला बांधल्याशिवाय काकूंनी कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. दुकान उघडं टाकून कोणी जातं का?

मित्रांनो, मी दारावरची. त्यामुळे कायदेसुद्धा मला दारातूनच कळले. एकदा नवा कायदा आला, की प्रत्येक दुकानात चाकाच्या खुर्चीला आत जाता आलं पाहिजे. काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता पायरी फोडा, उतार बांधा! यांना काय जातंय सांगायला?" दोन दिवस सिमेंट, धूळ आणि काकूंची बडबड. पायरी गेली आणि उतार आला. त्यानंतर काही दिवसांनी मी वाजले आणि एक शिंपीदादा चाकाच्या खुर्चीवरून आत आले. इतकी वर्षं ते रस्त्यावरून हाक मारायचे आणि काकू बटणं बाहेर नेऊन द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक खण स्वतः उघडून पाहिला. घेतलं काहीच नाही. जाताना एवढंच म्हणाले, "आत इतकं असतं होय!"  त्यानंतर त्यांनी त्या कायद्याला नावं ठेवली नाहीत.

पुढे काकूंना विसर पडायला लागला. पांढरी मागितली तर लाल बटणं द्यायच्या. गिऱ्हाइकं समजूतदार, ती बरण्यांतून आपली आपण शोधून घ्यायची. पण एक दिवस काकू आपल्याच दुकानात उभ्या राहून मुलाला विचारू लागल्या, "दुकान कुठेय रे आपलं?" मुलगा आता मोठा, डोक्याला टक्कल पडत आलेला. त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. दुकान बंद झालं. मला उतरवून त्याच्या घरी एका खणात ठेवलं, संपलेले सेल, गंजके स्क्रू आणि काकूंची मोजपट्टी यांच्यासोबत. अंधारात पडून राहणं फार वाईट असतं हो. ज्याचं कामच बोलायचं, त्याने कोणाशी बोलायचं?

खणातूनच मला कळलं की काकू एकदा घराबाहेर पडल्या, रस्ता ओलांडताना पडल्या आणि मनगट मोडलं. मुलगा कामावरून धावत दवाखान्यात गेला. त्या दिवसापासून त्याच्या मनात भीतीने घर केलं. त्याने त्यांना एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं, आणि ते कुलूप बघून त्याला पहिल्यांदा शांत झोप लागली.

आणि मग दुसरा कायदा आला. तोही दाराचाच.

तो मला ऐकू आला, कारण मुलाने मला खणातून काढून, पुसून, पिशवीत घालून वृद्धाश्रमाच्या ऑफिसात नेलं होतं. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्या भल्या होत्या, पण सदा काळजीत.

"आता कोणालाही त्याच्या मनाविरुद्ध दाराआड ठेवता येणार नाही," मॅडम सांगत होत्या. "ठेवायचंच असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं, कारण दाखवायचं, बाहेरून अधिकारी येऊन बघणार. आणि काही महिन्यांनी सगळं पुन्हा."

"अहो, पण ज्यांना काही आठवतच नाही त्यांचं काय?"

"त्यांनाही विचारायचं. त्यांना कळेल अशा भाषेत." मॅडमनी सुस्कारा सोडला. "कायदा चांगला आहे हो, मी नाही म्हणत नाही. पण उद्या कोणी पडलं तर लोक कायद्याला विचारणार नाहीत, मला विचारतील. कुलूप तर काढलंय. निदान कोणी दार उघडलं तर कळावं, म्हणून घंटा लावतेय."

"म्हणून तर ही आणली. आईच्या दुकानातली आहे. मोठ्याने वाजते."

हे बाकी तो खरं बोलला.

मला दारावर लावलं. संध्याकाळ झाली तशा काकू आल्या. किती वाळल्या होत्या! हातात पिशवी, काखेत तीच छत्री. रोज या वेळी म्हणे त्या दाराशी यायच्या आणि रोज कोणीतरी "उद्या जाऊ हं, काकू" म्हणून त्यांना परत न्यायचं. आज दाराला कुलूप नव्हतं. त्यांनी ते ओढलं आणि मी आनंदाने ठणकन वाजले.

काकू थबकल्या. पिशवी खाली ठेवली, वळल्या, आणि व्हरांड्यातल्या टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. "या, काय दाखवू?"

सगळे टाळ्या पिटायला लागले. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची देखभाल करणारी ताई तर खरंच गिऱ्हाईक झाली आणि म्हणाली, "निळी बटणं आहेत का हो?" माझी छाती फुगली. काकूंनी मला ओळखलं होतं!

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. दार उघडायचं, मी वाजायची, काकू परत फिरायच्या. मॅडम खूश. "कुलुपापेक्षा हीच बरी, अगदी गुणाची घंटा," म्हणाल्या. पण मित्रांनो, मी वरून बघत होते. टेबलामागे उभ्या राहून काकू काचेतून रस्त्याकडे बघायच्या. पिशवीकडे बघायच्या. गिऱ्हाईक तर कोणी नसायचं, पण दुकान उघडं, मग जायचं कसं? हळूहळू त्या दाराकडे हात न्यायच्या आणि मी वाजायच्या आधीच मागे घ्यायच्या.  कुलूप काढून त्याच्या जागी यांनी मला बसवलं होतं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मला रडू येत होतं, पण घंटेला रडता येत नाही. ती नुसती वाजते.

एका दुपारी ताई कोणाला तरी जेवण भरवत होती, मॅडम फोनवर होत्या. काकू दाराशी आल्या. माझ्याकडे वर बघितलं. पिशवीतून लेसचा एक तुकडा काढला. छत्रीचा दांडा वर आला, मी खाली ओढली गेले, आणि बोटांनी सवयीची गाठ मारली. जे डोक्यातून गेलं होतं, ते बोटांत शाबूत होतं.

"झालं गं बाई आजचं," काकू म्हणाल्या. "आता दुकान बंद."

आणि त्या गेल्या. मी वाजले नाही.

चहाच्या वेळी त्यांची खुर्ची रिकामी दिसली आणि एकच गोंधळ उडाला. ताई सगळ्या खोल्या धुंडाळत दाराशी आली, वर बघितलं, आणि लेसची गाठ बघून मॅडमना हाका मारू लागली. मुलाला फोन गेला. तो आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली होती. "मी म्हणत होतो ना! मी म्हणत होतो ना!" एवढंच तो बोलत होता. मी वर गप्प लटकत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प राहण्याची भीती वाटली. काकू पुन्हा पडल्या असतील तर? कोणी नसेल जवळ तर?

मग दार आवाज न करता उघडलं. काकू आल्या. एका पायात चप्पल नव्हती, कोपर खरचटलेलं. सोबत रोज टपाल आणणारे पोस्टमनदादा होते.

"आजी बागेजवळ बसल्या होत्या," ते म्हणाले. "कुठे राहता विचारलं तर आठवेना. म्हणाल्या, जिथे दारावर घंटा आहे तिथे सोड. म्हटलं, ठणाणा करणारी घंटा या भागात एकच आहे."

काकूंनी दाराशी जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं. "अगबाई, एवढी गर्दी? थांबा हं, उघडते दुकान." आणि त्यांनी मला सोडलं.

मॅडमनी काकूंच्या पिशवीतली लेस काढून ठेवली. दोन दिवसांनी अधिकारी बाई आल्या. दाराजवळच्याच टेबलाशी सगळे बसले. आज काय ते ठरणार होतं. दाराला पुन्हा कुलूप लागणार की नाही, काकू पुन्हा कधी रस्ता बघणार की नाही.

"मला कुलूप हवंय," मुलगा म्हणाला.  "कायदा काही म्हणो. एकदा दवाखान्यात गेलो होतो धावत. पुन्हा नाही जमणार मला."

"तुमचं म्हणणं मी ऐकलं," अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "आता यांचं ऐकू." त्यांनी काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला इथून बाहेर जाण्याबद्दल काय वाटतं?"

काकू नुसत्या हसल्या. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मुलाने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं सगळं.

तेव्हा ताई पुढे झाली. "बाई, जरा मी विचारू?" तिने उठून दार उघडलं. मी वाजले.

"या, काय दाखवू?" काकू म्हणाल्या.

"काही नको, काकू. एवढंच विचारायचं होतं, तुम्ही दिवसभर दुकानातच असता का?"

"छे गं! संध्याकाळी पाय मोकळे करायला नको?"

"मग आता जात का नाही?"

काकूंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू पोरीला एवढंही कळत नाही. "दुकान उघडं टाकून? ते मालकिणीनंच बंद करायचं असतं. पण इथं मेलं कोणी बंदच करू देत नाही."

 अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. मुलगा उठला, आईच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला.

"आई, तू दुकान बंद केल्यावर मी सोबत आलो तर चालेल?"

"ये की. पण फळीमागे लपायचं नाही हं."

तो हसला आणि हसता हसता लहान मुलासारखा रडला.

तर असं ठरलं. कुलूप नाही. संध्याकाळी दुकान बंद करायचं ते काकूंनी, स्वतःच्या हाताने. मग ताई किंवा मुलगा सोबत जातो. मॅडमनी दाराजवळ लेसचे तुकडे ठेवले आहेत. कधी काकू म्हणतात, "आज नको, गार वारा आहे," तर तेही चालतं. काही महिन्यांनी अधिकारी बाई पुन्हा येऊन विचारणार आहेत. विचारत राहायचं, हेच त्या कायद्यात मला सगळ्यात आवडलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी थकलेलं असेल, विसरभोळं असेल. त्यांची काळजी जरूर घ्या, भरपूर घ्या. पण काळजीपोटी दार लावताना आत कोण आहे, त्याला एकदा विचारा. एकदा विचारून उत्तर नाही आलं तर दुसऱ्या तऱ्हेने विचारा. आणि माझ्यासारख्या जुन्या घंटा खणात टाकू नका, आम्हाला अंधारात करमत नाही.

मुलगा आलाच बघा. मी वाजले. काकू त्याच्याकडे बघताहेत, पण आज त्यांना त्याची ओळख पटत नाहीये.

"या, काय दाखवू?"

तो गिऱ्हाइकासारखा टेबलाशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मालकीणबाई, दुकान कधी बंद करणार? तुमच्याबरोबर फिरायला जायचं होतं."

काकूंनी त्याला नीट न्याहाळलं. हात पुढे करून त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. "थांब. आत्ता करते."

छत्रीचा दांडा वर येतोय, मित्रांनो. आता मला गप्प बसलं पाहिजे.