अर्ध्या बाहीचं ब्लाउज

"माणसाच्या कातडीवर जे लिहिलं गेलं, ते पृथ्वीवरच्या कोणत्याही सत्तेला पुसता येत नाही," अंबादासजींनी उजवा हात उंचावून जाहीर केलं, आणि मग बनियनवर सांडलेलं वरण पुसायला ओलं फडकं मागितलं. वरणाचा डाग निघाला नाही. तेव्हा विधानात अगदीच तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही.

सभा घरातलीच होती. बायको ममता भेंडी चिरत होती. आई मालनबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे मुलाची सगळी भाषणं शेवटपर्यंत ऐकणाऱ्या त्या एकट्याच. फडकं आणून दिलं ते धाकट्या बहिणीनं, जयानं. फडकं देताना तिच्या मनगटापर्यंतच्या बाहीवर वरणाचा एक थेंब लागला. तिनं बाही वर केली नाही. मे महिन्यातल्या जबलपूरच्या दुपारीसुद्धा जयाची बाही वर होत नसे. कातडीवर लिहिलेलं पुसण्याबद्दल त्या घरात कोणाला अनुभव असेल तर तो तिलाच होता.

भाषणाची तालीम रविवारसाठी चालली होती. रविवारी अंबादासजींच्या मुलीला, यशोधराला, बघायला नागपूरहून पाहुणे येणार होते. बघायला म्हणजे, पाहणं आणि पसंती पोरांनी परस्पर कधीच उरकली होती, मोठ्यांच्या वाट्याला पोहे खाणं तेवढं राहिलं होतं. पण मुलाची, नागसेनची, आई विनताबाई नागपूरच्या एका कॉलेजात प्राध्यापक होत्या आणि बायकांच्या गोंदणावर व्याख्यानं देत असत. ही बातमी कळली त्या रात्री अंबादासजींचं वैचारिक परिवर्तन झालं. लोकांना त्याला पिढ्या लागतात. यांना एक रात्र पुरली, आणि त्यातही ते झोपलेले होते.

कारण त्याआधी गोंदणाबद्दल त्यांचं मत वेगळं होतं, आणि तेही हात उंचावूनच सांगितलेलं. फॅक्टरीत नवे लागले तेव्हा ते जबलपुरातल्याच रांझीच्या बौद्ध विहाराचे सेक्रेटरी होते. "बाबासाहेबांनी शिका म्हटलं, गोंदा नाही म्हटलं," हे त्यांचं त्या काळातलं गाजलेलं वाक्य. गोंदण म्हणजे अज्ञानाचा शिक्का, गुलामीची पावती, असा विहाराचा ठरावही त्यांनी करून घेतला होता. पावती घेऊन फिरणाऱ्या बाया समोर सतरंजीवर बसलेल्या असत आणि पदराखाली हात घेत असत.

जयाचा हात सातव्या वर्षी गोंदला होता, भंडाऱ्याकडे आजोळी. कोपरापासून मनगटापर्यंत आईचीच नक्षी: ठिपक्यांचा चौक, आणि चौकावर एक मोर. मोर कोंबडीसारखा दिसे, पण तो आईच्या हातावरही कोंबडीसारखाच दिसे, तेव्हा त्याला घराण्याची परंपरा म्हणायची. जया रडली तेव्हा मालनबाईंनी सांगितलं होतं, "रडू नको माय. मेल्यावर सोनं सोबत येत नाही, लुगडं येत नाही. गोंदण येते."

पुढे जयासाठी इटारसीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घर शिकलेलं. शिकलेल्या घरात अज्ञानाचा शिक्का घेऊन बहीण कशी द्यायची, या विचारानं अंबादासजींना झोप लागेना. ओमती बाजारातल्या एका बॅटरीवाल्याकडून त्यांनी छोट्या बाटलीत तेजाब आणलं आणि अंगणात बाजेवर बहिणीला बसवून, काडीला कापूस गुंडाळून, शास्त्रीय पद्धतीनं तो मोर पुसायला घेतला. मोर गेला. चौक गेला. त्यांच्याबरोबर त्यांच्याखालचीही कातडी गेली, कारण तेजाबाला विहाराचा ठराव कुठपर्यंत आहे हे माहीत नव्हतं. आईच्या हातांकडे त्यांनी बाटली वळवली तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "माझं लग्न झालेलं हाय, बापा." तेवढ्या मुद्द्यावर त्या सुटल्या.

जखम दिवाळीपर्यंत भरली. त्या जागी मेण वितळून थिजावं तशी पांढरी-गुलाबी कातडी आली, पाहणाऱ्याला कोड वाटावं अशी. कोपराजवळ दोन हिरवे ठिपके तेवढे चुकून राहिले. मग इटारसीची मंडळी आली. मुलाच्या आईनं जयाचा हात पाहिला, आपला हात मागं घेतला आणि हळूच विचारलं, "हे अंगावर आणखी कुठं आहे का?" अंबादासजी म्हणाले, भजी तळताना तेल उडालं. मंडळी भजी खाऊन, पाणी पिऊन इटारसीला गेली ती गेलीच. पुढच्या दोन-तीन स्थळांनीही भजी खाल्ली. नंतर जया टेलिफोनच्या ऑफिसात लागली, आणि घरात भजी करण्याचं निमित्त संपलं.

ऑफिसात तिनं सगळी नोकरी मनगटापर्यंतच्या बाहीत काढली. आणि तिथेच, त्या बाहीआडून, तिनं जग बदलताना पाहिलं. आधी हाताखालच्या पोरांच्या दंडावर विंचू आले, साहेबांनी त्यांना शर्टाची बटणं लावायला सांगितली. मग साहेब बदलले. मग नवी साहेबीण आली, तिच्याच मनगटावर उडता पक्षी होता, आणि सह्या करताना तो फायलींवरून उडत असे. बँकेतल्या कॅशियर बाईच्या मानेमागे फुलपाखरू. पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या पोराच्या गळ्यावर सिंह, त्याच्याखाली भोपळे. पूर्वी ज्या हाताला लोक गावंढळ म्हणत, त्या हाताचे आता फोटो काढत. यशोधरानंही ओमतीजवळच्या एका स्टुडिओत जाऊन आजीची नक्षी हातावर उतरवून घेतली, मोर जसाच्या तसा, कोंबडीसारखा. तो पाहून जया बराच वेळ भाचीचा हात हातात धरून बसली. यशोधराला वाटलं आत्याला आवडलं. घरात तिलाही तेलाचीच गोष्ट माहीत होती.

तर तालमीच्या त्या दुपारी फडकं परत घेताना जया म्हणाली, "दादा, त्या दिवशी माझ्या हाताचंही सांगशील का?"

अंबादासजींनी बनियनवरचा डाग पुन्हा एकदा पाहिला.

"काय सांगू?"

"जे झालं ते. तेल नाही म्हणून. बस्स."

तिनं आयुष्यात भावाकडे फारसं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणण्याची सवय त्यांनाही नव्हती. शिवाय कल्पना त्यांना हळूहळू आवडू लागली. भाषणात आत्मटीका आली की वजन येतं. विनताबाईंसारख्या विदुषीसमोर एका माणसानं आपली चूक उभ्यानं कबूल करायची, म्हणजे काय. त्यांचा हात आपोआप वर गेला. "सांगीन. जाहीर सांगीन. माझ्या हातून चूक झाली म्हणीन."

"अच्छा," जया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शालिग्राम टेलरकडे गेली. शालिग्रामनं तिची सगळी ब्लाउजं शिवली होती आणि बाहीचं माप तो आता विचारतही नसे. तिनं अर्धी बाही सांगितल्यावर त्यानं फीत गळ्यात घातली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "आधी बाँह, दीदी? पक्का?"

"पक्का, भैया."

त्यानं माप घेतलं. हाताकडे पाहिलं नाही, फितीकडेच पाहिलं. त्याबद्दल जयाला तो फार सुसंस्कृत वाटला.

रविवारी पाहुणे आले. घरात पोहे, खोव्याची जलेबी आणि ममताबाईंनी हौसेनं ठेवलेला कांदाभज्यांचा बेत. बाहेरच्या खोलीत पंखा दोनवर होता. तीनवर गेला की तो इतका खडखडे की अंबादासजींचा आवाज बुडे, म्हणून बोलण्याच्या दिवशी त्याला दोनच्या वर परवानगी नव्हती. नागसेन मुलगा चांगला होता. त्याच्या हातावर पाली भाषेतली एक ओळ होती. तिचा अर्थ अंबादासजींनी विचारला तेव्हा तो म्हणाला, गहन आहे.

विनताबाई आल्या त्या थेट मालनबाईंच्या बाजूला बसल्या. त्यांचा हात मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला, मोरावरून बोट फिरवलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. बाई मनानं खरोखर चांगल्या होत्या. या रेषांमध्ये बायकांचा केवढा इतिहास आहे, आणि आपण तो किती वर्षं लाजून झाकला, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. अंबादासजींनी सर्वात जोरात हलवली. मग यशोधराचा हात आजीच्या हाताशेजारी ठेवून फोटो झाले. मालनबाई कधी नव्हे ते दोन्ही हात उघडे टाकून बसल्या होत्या आणि हातांचं आता काय करायचं ते न कळून ते मांडीवर ठेवून पाहत होत्या, जणू कोणी सांभाळायला दिलेत.

त्याच वेळी जया भज्यांची थाळी घेऊन आली. अंगात अर्ध्या बाहीचं ब्लाउज होतं, मोतिया रंगाचं. इतक्या वर्षांनी हाताला वारा लागत होता, दोनवरच्या पंख्याचा का होईना.

"आणि आत्यांचं?" विनताबाई हौसेनं म्हणाल्या आणि हात पुढे केला.

हात अर्ध्यात थांबला. मग रुमाल शोधायला मागं गेला. रुमाल सापडायला बराच वेळ लागला. थाळी जयाच्या हातात तशीच होती. विनताबाई ममताकडे कलल्या आणि हळू, अगदी जपून बोलल्या. "राग मानू नका हं. पण हे अंगावर आणखी कुठं आहे का? किंवा घरात कोणाला? पुढं पोराबाळांचा प्रश्न असतो, म्हणून आपलं विचारलेलं बरं."

जयानं ते वाक्य ओळखलं. इटारसीचं होतं. फक्त इटारसीच्या बाईनं गोंदणावर व्याख्यानं दिली नव्हती. जगानं मोराला जागा दिली होती. मोर पुसलेल्या जागेला अजून जागा नव्हती.

ममता नवऱ्याकडे पाहू लागली. यशोधरा नागसेनकडे पाहू लागली, नागसेन आईकडे. जया भावाकडे पाहत होती. वेळ आली होती, आणि सगळे श्रोते गोळा होते, यापेक्षा चांगली सभा त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

अंबादासजींचा उजवा हात वर गेला. त्यांनी विनताबाईंकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "आमच्या घरात," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. वर गेलेल्या हातानं त्यांनी डोकं खाजवलं.

"भजी तळून राहिली होती ती. लहान होती तेव्हा. तेल उडालं."

लहान हा शब्द नवा होता. इटारसीच्या वेळी तो नव्हता. गोष्ट सांगता सांगता सुधारत जाते ती अशी.

"हो ना, आत्या?" यशोधरा म्हणाली. पोरीच्या आवाजात इतकी विनवणी होती की खरं काय हे तिला माहीत असतं तरी तिनं तसंच विचारलं असतं.

जयानं थाळी टेबलावर ठेवली. भावाकडे एकदा पाहिलं. तो जलेबीकडे पाहत होता.

"हो," ती म्हणाली. "कांद्याची होती. छान झाली होती."

विनताबाई मोकळं हसल्या, अरे देवा, किती भाजलं असेल म्हणाल्या, आणि मायेनं एक भजं उचललं. मालनबाईंनी सुनेला विचारलं, काय म्हणून राहिली ते. सुनेनं कानात सांगितलं, "भजी म्हणे." म्हातारीनं मुलाकडे पाहिलं, लेकीच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या मोराकडे. ऐकू कमी येणाऱ्यांना कधी कधी नको तेवढं नीट ऐकू येतं. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. प्राध्यापकबाईंना वाटलं म्हातारीला थंडी वाजली.

जया आत गेली. मागोमाग अंबादासजी पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरापर्यंत आले आणि दाराशी थांबले. प्रसंग पाहून बोलावं लागतं, ते म्हणाले. पोरीचं लग्न एकदा होऊन जाऊ दे, मग विहारातच सांगू, सगळ्यांसमोर, नीट भाषण करून. जया कपाटातलं जुनं ब्लाउज काढत होती.

"दादा, तिकडं तोंड कर," ती म्हणाली. "कपडे बदलून राहिली."

त्यांनी तोंड फिरवलं. ते त्यांना जमत होतं.

मोतिया ब्लाउजाची तिनं घडी घातली. शालिग्रामनं बाहीला बारीक, सुरेख काठ लावला होता, तो घडीच्या आत गेला. कोपराजवळचे दोन ठिपके बाहीखाली झाकण्याआधी तिनं त्यांना अंगठ्यानं दाबून पाहिलं. सोबत न्यायला दोनच होते. फार ओझं होणार नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा भाषण रंगात आलं होतं. नागसेन फोनवर ते टिपत होता. तारीख जवळजवळ ठरली होती. विनताबाई गालाला हात लावून ऐकत होत्या. अंबादासजी सांगत होते की आपल्या आया-बहिणींनी कागद नव्हता तेव्हा कातडीचा कागद केला, आणि लाजेच्या मारे तो फाडणाऱ्यांना इतिहास कधी क्षमा करणार नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज दाटून आला, आणि तो खोटा नव्हता. त्यांना खरंच भरून आलं होतं. जया पंख्याच्या बटणाशेजारच्या खुर्चीत बसलेल्या भावाच्या समोर, भिंतीला टेकून बसली. पाठीवरून घाम उतरत होता. मनगटाचं बटण तिनं लावून घेतलं.

"माणसाच्या कातडीवर जे लिहिलं गेलं," हात उंचावून अंबादासजी म्हणाले, "ते पृथ्वीवरच्या कोणत्याही सत्तेला..."

"दादा," जया म्हणाली, "पंखा जरा तीनवर कर ना."