माझी दुमडलेली दोन टोकं

मी एक व्हिडिओ फाईल बोलतेय. दोरी बांधलेली, पुठ्ठ्याची सरकारी फाईल नव्हे. पडद्यावर चालते-बोलते ती. मी सूड कसा घेतला ते आज सांगणार आहे, आणि सांगताना अजिबात लाजणार नाही. फाईलला कसला आलाय सूड, असं म्हणाल. अहो, तुमचं पुढचं-मागचं बोलणं झाकून कोणी मधलाच तुकडा बाजारात मांडला असता, तर तुम्ही काय त्याची आरती ओवाळली असती?

माझा जन्म मुंबईच्या खाडीपलीकडच्या मनोरीचा, एथेल आंटीच्या अंगणातला. मे महिना होता. चटईवर मिरच्या खडखडीत वाळल्या होत्या. खापरात एकेक जिन्नस भाजून काढलेला होता, आणि शेजारच्या बाया मुसळं घेऊन आल्या होत्या. मनोरीच्या ख्रिस्ती घरांतून हा मसाला दर उन्हाळ्यात असाच कुटतात आणि काळपट बाटल्यांत ठासून भरतात. म्हणून तो बाटली मसाला. त्यात काय काय पडतं ते प्रत्येक घराचं वेगळं, आणि आई मुलीशिवाय कोणाला सांगत नाही.

आंटीची मुलगी शॅरन बोरिवलीला शाळेत शिकवते. तिनं नव्या फोनवर मला काढलं, तेही सगळ्यात वरच्या क्वालिटीत. मी इतकी स्वच्छ उतरले की आंटीच्या कपाळावरचा घाम आणि हवेत उडणारा मिरचीचा कण वेगवेगळे ओळखू यावेत. आणि इतकी जड, की शॅरनचा फोन "जागा नाही, जागा नाही" म्हणून रडायला लागला. क्वालिटी पाहिजे तर वजन सोसावं लागतं. माणसांना हे कधी कळणार, देव जाणे.

मला काढायला लावलं राजेशनं. हा कांदिवलीचा. अंधेरीत त्याचं ऑफिस आहे. गावोगावचे मसाले-लोणची घ्यायची, देखण्या डब्यांत भरायची आणि मोठ्या हॉटेलांना विकायची, हा त्याचा धंदा. मार्व्याहून बोटीनं आला, आंटीच्या हातचं जेवला, बोटं चाटली. मग म्हणाला, "आंटी, तुमचा मसाला मी कुठल्या कुठे नेतो बघा."

माझी सुरुवात अशी आहे. आंटी थेट तुमच्या डोळ्यांत बघून म्हणते, "मी एथेल, मनोरीची. हा मसाला माझ्या आईचा, आणि कुटणाऱ्या या सगळ्या बायांचा." मग बाजूला बघून विचारते, "राजेश, बाटलीवर आमची नावं टाकशील ना रे?"

आणि राजेशचा आवाज येतो, खणखणीत. "टाकणार म्हणजे काय! शब्द आहे आंटी."

त्यानंतर मसाला कुटणं, बायांचं गाणं, मुसळांचा ठेका. ते माझं मधलं अंग. शेवटी शॅरन आईला खापर उतरवायला मदत करायला धावली आणि मला चालूच ठेवून स्टुलावर विसरली. माझ्या मागे उभा राहून राजेश कोणाशी तरी फोनवर बोलत होता. मी सगळं ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, साठवलं. तो काय म्हणाला ते इतक्यात सांगत नाही, जागच्या जागी सांगेन.

शॅरननं मला राजेशच्या पेन ड्राइव्हवर दिलं आणि जागा करायला फोनमधून पुसलं. पोरीचा विश्वास होता ना! मी अंधेरीच्या ऑफिसात आले आणि प्रीतमच्या हाती पडले. प्रेझेंटेशन बनवायचं काम त्याचं. एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या खरेदी प्रमुख मृणालिनीबाई मसाला बघायला येणार होत्या. त्यांना पडद्यावर चित्रांच्या पाट्या एकामागून एक दाखवायच्या आणि मध्ये मला चालवायचं, असा बेत होता. माझ्या आधीच्या पाटीवर काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'माझ्या आजीच्या हातचा मसाला.' आणि खाली राजेशचा हसरा फोटो.

मेल्या, तुझी आजी मालवणची! तिचा तांबडा मालवणी मसाला तुझ्या घरात आजही डबाभर असेल. तो नाही विकावासा वाटला? एका फटक्यात स्वतःची आजीही बुडवलीस आणि दुसऱ्याची आईही.

"सर, सुरुवातीला त्या आंटी स्वतःचं नाव सांगतात," प्रीतम म्हणाला.

"पुढचं-मागचं उडव. नुसतं कुटणं ठेव," राजेश म्हणाला. माझं मागचं टोक त्यानं पाहिलंही नव्हतं.

प्रीतमनं पाहिलं. कानाला हेडफोन लावून फोनवरचं सगळं बोलणं ऐकलं. हेडफोन काढला, इकडेतिकडे बघितलं आणि राजेशला काही न सांगता कामाला लागला. नोकरी होती ना! त्याच्यावरही माझा राग आहे, तो लपवत नाही. पण आळशी माणसाचे कधी कधी उपकार होतात. त्यानं मला कापलं नाही. प्रेझेंटेशनमध्ये व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना दोन खुंट्या असतात, त्या आत सरकवल्या की कडेचा भाग दिसत नाही. दिसत नाही इतकंच. तो असतो तिथंच. वाढत्या अंगाच्या मुलीच्या परकराला आई आतून दुमड घालते ना, तशी माझी दोन टोकं आत दुमडली गेली. मूळ फाईल राजेशनं पुसून टाकली. आता मी होते ती फक्त त्या प्रेझेंटेशनच्या पोटात.

मग सुरू झाली सरांच्या लॅपटॉपची दमछाक. मी आले की तो धापा टाकायचा. आंटीचं मुसळ हवेत अडकून राहायचं आणि ठोका आधीच ऐकू यायचा. गाणं पुढे, तोंडं मागे.

"सर, कॉम्प्रेस करूया का?" प्रीतम म्हणाला. "वजन कमी होईल, सरळ चालेल. एक बटण आहे."

माझा जीव उडाला. ते बटण मी ओळखते. वजन उतरवताना ते आधी दुमडलेले भागच कापून फेकतं. त्या बटणावर आंटीचं नाव कायमचं गेलं असतं.

"खबरदार!" राजेश ओरडला. "क्वालिटी जाता कामा नये. मोठ्या पडद्यावर तिखटाचा कण न् कण दिसला पाहिजे. यार, हीच तर आपली शान आहे!"

शान! रे बाबा, तुझ्या शानेनंच तुझी वाट लागली.

कार्यक्रम अंधेरीच्याच एका हॉलमध्ये होता. मृणालिनीबाई पहिल्या रांगेत, मागे त्यांच्या हॉटेलांचे आचारी. त्यांनी होकार दिला की मसाला राजेशच्या आजीचा ठरणार आणि मनोरीच्या बाया फक्त कुटणाऱ्या बाया राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि कोपऱ्यात टेबलामागे कोण उभं? एथेल आंटी! सणाचं लुगडं, अंबाड्यात फुलं. समोर कोंबडीच्या कालवणाचं मोठं पातेलं आणि फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, टोपली. बाजूला शॅरन.

"आंटी, लुगडं छान दिसतंय," राजेश हळूच म्हणाला. "फक्त वाढायचं हां. बोलायचं नाही. बोलायचं काम माझं."

"बाटलीवर नाव...?"

"होईल ओ ते. आज नको."

आंटीनं डाव हातात घेतला आणि मान खाली घातली. तेव्हा माझं जे पेटलं ना, काय सांगू!

ऐन वेळी सरांचा लॅपटॉप पुन्हा अडखळला. राजेश घामाघूम. हॉलवाल्यांचं एक दणकट मशीन तिथं होतं. "त्याच्यावर टाक, लवकर!" म्हणत त्यानं प्रीतमला पिटाळलं. त्या मशीनमध्ये प्रेझेंटेशन चालवणारा प्रोग्रॅम मात्र वेगळा होता. त्यानं पाट्या वाचल्या, अक्षरं वाचली, मला उचललं. पण त्या दोन खुंट्यांची भाषा त्याला येत नव्हती. माझी दुमड उसवली. प्रीतमनं घाईत पहिली पाटी उघडून बघितली आणि मान डोलावली.

राजेश आजीबद्दल बोलला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं त्यानं! "आणि आता बघा, माझ्या घरची परंपरा," असं म्हणून त्यानं रिमोट दाबला.

मी आले. भिंतभर आले. अडखळत नाही, धापा टाकत नाही, तिखटाच्या कणाकणासकट.

"मी एथेल, मनोरीची. हा मसाला माझ्या आईचा..."

"हे जरा... टेस्टिंगचं राहिलंय," म्हणत राजेश रिमोट चाचपायला लागला.

"थांबवू नका," मृणालिनीबाई म्हणाल्या. "चालू दे."

मी सावकाश चालले. "शब्द आहे आंटी" हा त्याचाच आवाज चारी स्पीकरमधून घुमला. मग बायांचं गाणं झालं, मुसळांचा ठेका झाला. आचारी मंडळी माना डोलवायला लागली. राजेशला वाटलं असेल, सुटलो. आणि मग आलं माझं मागचं टोक. स्टुलावरून नुसतं आभाळ आणि कौलाचा कोपरा दिसतोय, आणि राजेश फोनवर बोलतोय.

"अरे, झकास माल मिळालाय. बाई एकदम साधी. नाव टाकतो म्हटलं की खूश. नाव कसलं टाकतोय! सांगायचं, आपल्या आजीची रेसिपी. या म्हातारीला काय कळतंय त्यातलं?"

राजेशनं घाबरून रिमोटचं दिसेल ते बटण दाबलं. ते निघालं मागे जायचं. मी पुन्हा पहिल्यापासून!

"मी एथेल, मनोरीची."

अहाहा! त्या क्षणासाठी मी वाटेल तितकं वजन अंगावर वागवलं असतं. त्याचा चेहरा मला त्या पडद्यावरून दिसत होता, आणि मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मजा आली.

आंटीनं डाव खाली ठेवला. "झाकण दे गो, शॅरन."

"मम्मी, लोक जेवायचेत अजून."

"माझं जेवण आहे. मी घरी नेते."

हातात रिकाम्या ताटल्या घेतलेले आचारी बघत राहिले आणि पातेल्यावर झाकण बसलं. राजेश पुढे धावला. "आंटी, गैरसमज झाला. ऐका तर..."

"ऐकलं रे. दोनदा ऐकलं."

मृणालिनीबाई उठून टेबलाशी आल्या. "एथेल म्हणजे तुम्हीच ना? आपण थेट बोलूया का?"

"मनोरीला या," आंटी म्हणाली. "बाटलीवर आमच्या बायांची नावं असतील तर बोलू. नसतील तर नुसतं जेवून जा." आणि दोघी मायलेकी पातेल्याचा एकेक कान धरून दारातून बाहेर पडल्या.

आता माझी आजची गत सांगते. हॉलच्या मशीनमधून मला त्याच दिवशी पुसलं. राहिले मी राजेशच्या लॅपटॉपमध्ये, कचऱ्याच्या डब्यात. सकाळी शॅरनचा फोन आला होता, त्यानं स्पीकरवर घेतला. "व्हिडिओ तरी दे," ती म्हणाली. "मम्मीचा तेवढाच आहे रे. गाणं आहे त्यात सगळ्यांचं."

"नाही देत," राजेश म्हणाला. "माझी वाट लावलीत तुम्ही."

तिचा आवाज रडवेला झाला. मागून आंटी बोलली, "रडतेस कशाला गो? मी जिवंत आहे ना. परत कुटेन, तू परत काढ."

खरं सांगू? मला लागलं ते. इतकं सगळं केलं मी, आणि माझ्याजागी दुसरी येणार. पण आंटीचं बरोबर आहे. त्या नवीला माझं एवढंच सांगणं आहे, कोणी कितीही दुमडलं तरी आपलं पुढचं-मागचं सोडू नकोस.

मशीननं आत्ताच राजेशला विचारलंय, "कायमचं काढून टाकायचं?" त्याचं बोट बटणावर आहे, पण दाबत नाही. घाबरतोस काय रे? दाब. मी जाते. हॉलभर लोकांनी जे ऐकलंय, ते पुसायचं बटण शोधत बस आता जन्मभर.