लाल लेबलांचा दिवस

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. पण दचकू नका. माझ्यातून गोळी सुटत नाही, किंमत सुटते. दुकानातल्या डब्यांवर आणि पुड्यांवर किमतीची चिमुकली लेबले चिकटवणारे हातयंत्र म्हणजे मी. घोडा दाबला की मी 'खट्क' करते, म्हणून आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी माझे नाव ठेवले खटकी. त्यांना सारी गल्ली काकू म्हणते, म्हणून मीही काकूच म्हणते.

कारखान्यात माझ्या पोटात आकड्यांची चाके आणि शाईची गादी बसवली, तेव्हा एका तपासनीस बाईंनी मला वीस वेळा दाबून पाहिले. "फार बडबडी आहे ही," त्या म्हणाल्या आणि मला खोक्यात घातले. बडबडी मी होतेच, पण त्याहून जास्त चौकस होते. हे आकडे ठरवतो कोण? ते नेहमी चढतातच का? उतरायला त्यांना कुणी बंदी केली आहे का? असले प्रश्न घेऊनच मी काकूंच्या दुकानात आले.

तिथे मी अकरा वर्षे राबले. भाव वाढला की काकू सुस्कारा टाकत, अंगठ्याच्या नखाने माझी चाके फिरवत आणि जुन्या लेबलावरच नवे मारत. त्या किमतीत 'कर' नावाचा कुणी वाटेकरी असतो, हे मी ऐकून होते. तो कधी दुकानात आला नाही, कधी पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला नाही. तरी साबणाच्या प्रत्येक वडीत त्याचा वाटा ठरलेला. या गृहस्थाला एकदा तरी पाहावे, अशी मला फार इच्छा होती.

माझ्यात दोन रंगांची रिळे चढत. पांढरे नेहमीच्या मालाला. लाल रीळ दाराजवळच्या फळीसाठी, जिथे मुदत संपत आलेला माल कमी भावात ठेवलेला असे. गल्लीतली पोरेसुद्धा जाणत होती की लाल म्हणजे स्वस्त, आणि लाल म्हणजे आजच्या आज संपवा.

तेव्हा माझा काय तोरा होता! माल घेऊन येणारा विक्रेता म्हणायचा, "काकू, तुमचा हात चालतो की यंत्र, तेच कळत नाही." मी फुगून जायची. मग एके दिवशी गल्ल्यावर डोळ्याचे नवे यंत्र आले. पाकिटावरच्या काळ्या रेघा बघितल्या की त्याला किंमत कळे. माझी रवानगी खणात झाली, सुतळीचे गुंडे आणि आटलेली पेने यांच्या शेजारी. दोन वर्षे मी तिथे धूळ खात पडले. शाई सुकली, पण मनातले प्रश्न काही सुकले नाहीत.

आणि मग ती बातमी आली. महागाईने लोक मेटाकुटीला आले होते, म्हणून सरकारने तेल, साबण, तान्ह्या बाळांची दूधभुकटी अशा घरोघरी लागणाऱ्या वस्तूंवरचा कर काढून टाकला. पहिल्या तारखेपासून प्रत्येक वस्तूवर नवी किंमत दिसलीच पाहिजे, असा हुकूमही निघाला. काकूंनी घाईघाईने खण उघडला, मला शाई पाजली आणि पांढरे रीळ शोधू लागल्या. ते कधीच संपले होते. खणात उरले होते फक्त लाल.

"असू दे, रंगाला काय चाटायचंय?" काकू म्हणाल्या. जुन्या मालाचा कर त्या आधीच भरून बसल्या होत्या, तरी कुरकुरत का होईना, त्यांनी माझी चाके खाली फिरवली. माझी चाके जन्मात पहिल्यांदा एवढ्या साऱ्या वस्तूंसाठी खाली आली! मी आनंदाने खट्क खट्क करत सुटले. दुपारपर्यंत सगळे दुकान लालेलाल झाले.

गिऱ्हाइके आली, दारातच थबकली आणि नाक मुरडून परत फिरली. एक वहिनी तर म्हणाल्या, "अगंबाई, सगळाच माल शिळा? दुकान बंद करताय का काय?" दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. वर्षानुवर्षे आम्हीच त्यांना शिकवले होते की लाल लेबल म्हणजे जुना माल. आता कुणाला दोष देणार?

तेवढ्यात समोरचे शिंपीआजोबा आले. त्यांची लेक गिरणीत दोन पाळ्या करी आणि सहा महिन्यांची नात दिवसभर आजोबांकडे असे. नऊ दिवसांत संपायला हवा असा दूधभुकटीचा डबा त्यांना बारा दिवस पुरत होता. तो कसा पुरतो, हे काकूंनी ओळखले होते, पण विचारायला जीभ रेटत नव्हती. त्यातच दवाखान्यातल्या नर्सने परवाच बजावले होते की बाळाचे वजन वाढत नाही.

आजोबांनी लाल लेबल पाहिले आणि डबा परत ठेवला. "काकू, हा नको. जुन्या भावाचा ताजा डबा द्या. तान्ह्या लेकराच्या पोटाशी खेळ नको."

"अहो, ताजाच आहे. सरकारनं कर काढलाय."

"सरकार? ते आमच्या गल्लीत कधीपासून यायला लागलं?"

काकूंनी वाद घातला नाही. आतून सीलबंद खोके आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले. "तुमच्या कात्रीनं कापा. तारीख तुमच्या चष्म्यानं वाचा. आणि लेबल तुम्ही मारा."

आजोबांनी खोके उसवले. तारीख दोनदा वाचली; मुदत संपायला दीड वर्ष होते. मग त्यांनी मला हातात घेतले. सुई धरणाऱ्या बोटांनी माझा घोडा दाबला. खट्क! डब्यावर उतरलेली किंमत बसली. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"चार चमचे सांगितलेत," ते हळूच म्हणाले. "मी तीनच घालत होतो. लेकीला माहीत नाही."

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "चुकलं माझं. आधीच विचारायला हवं होतं. आता चार घाला. तेलासाबणातूनही थोडं सुटेल. आणि कमी पडलं तर सांगा. मनातच कुढत बसू नका."

मित्रांनो, कर नावाच्या त्या वाटेकऱ्याला मी अजूनही पाहिलेले नाही. पण तो थोडा बाजूला सरकला की कुणाच्या वाटीत काय पडते, ते मात्र डोळ्यांनी पाहिले.

नवव्या दिवशी आजोबा दारातूनच ओरडले, "काकू, डबा संपला!" दुकानात कुठली वस्तू संपल्यावर काकू इतक्या हसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

तुम्ही माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना अधूनमधून पुसा, शाई द्या, एवढे तर मी मागेनच. पण त्याहून मोठे मागणे एकच. तुमच्या घरात, शेजारात एखादी गोष्ट जरा जास्तच दिवस पुरत असेल, तर त्या काटकसरीचे कौतुक करू नका. जवळ बसा आणि विचारा, कोण कमी खाते आहे?