चाड्यावरची मूठ

मोतीरामची लेक राहीबाई लग्न होऊन राजुऱ्याला गेली ते साल अठ्ठ्याहत्तरचं. निवडणूकही त्याच साली होती. आंध्रच्या हद्दीतल्या, पण मराठी बोलणाऱ्या वांकिडीत उमेदवार तेलुगूत बोले आणि मोतीराम माइकजवळ उभा राहून मराठीत सांगे. आसिफाबादच्या कापसाच्या जिनात दहा वर्षं काढून त्यानं तेलुगू उचलली होती. उमेदवार साहेबांचा एक शब्द खाली पडू देत नाही, याचा त्याला भारी तोरा. साहेब म्हणाले, सरकार म्हणजे जहाज. यानंही जहाजच सांगितलं. लोक बिड्या ओढत बसून राहिले.

लग्नाच्या धावपळीत त्याची एक सभा हुकली. माइकवर उभा राहिला तो खुशाल नावाचा गडी, दुसऱ्याच्या शेतात पेरणीची तिफण हाकणारा, जेमतेम तेलुगू येणारा. मोतीराम घरी आला तर बायको रुक्माबाईच सांगू लागली.

"काय बोलला जी खुशाल! म्हने, सरकार म्हंजे तिफण. बैल आपुन. पन चाड्यात बी सोडनारी मूठ कोनाची, थे पाहा. मूठ आवळली का वावरातलं तास रिकामं!"

"साहेब तिफण म्हनलाच नसन."

"नसन म्हनला. टाळ्या त पडल्या ना! तुमच्या जहाजाले कोनं वाजवल्या?"

मोतीरामनं ताट सरकवलं. आता माइक गेला, हे त्याला दिसत होतं.

सकाळीच त्यानं साहेबांना गाठून तेलुगूत चुगली केली. "खुशाल तुमचं बोलणं बदलतो."

"काय म्हणाला तो?"

इथं त्याची खोड नडली. बैल, चाडं, मूठ, रिकामं तास, सगळं त्यानं जसंच्या तसं उतरवलं. साहेबांनी खिशातून वही काढली.

"मराठीत सांग. सावकाश."

आणि तेलुगू अक्षरांत लिहून घेतलं.

पुढच्या सभेत साहेब स्वतःच मोडक्या मराठीत तिफण बोलले. अख्खा बाजार टाळ्यांनी दणाणला. माइकपाशी ना मोतीरामला बोलावलं, ना खुशालला. दोघं खाली शेजारी बसले होते.

"भाऊ, हे त माह्यं बोलनं," खुशाल म्हणाला. "याले कोनं सांगतलं?"

मोतीराम टाळ्या वाजवत राहिला.

खुशालनं पुढंही दोन-चारदा विचारलं. मोतीरामनं कधी सांगितलं नाही. खुशाल चौऱ्याऐंशीच्या आषाढात काविळीनं वारला. मोतीराम सत्त्याण्णवला, दिवाळीनंतर आठव्या दिवशी वारला.