मनोहरराव ढोबळे स्मृतिचषक

“माझं नाव कुठी आहे, देवरावजी?”

क्लबच्या व्हरांड्यात जोड्यांचा कागद टाचला होता आणि शोभाताई तो दुसऱ्यांदा वाचत होत्या. हातात स्वतःचं मॅलेट होतं, लांब दांड्याची ती लाकडी मोगरी. जानेवारीतली शनिवारची सकाळ होती. लॉनवरचं दव अजून वाळलं नव्हतं आणि लोखंडी कमानी रोवून झाल्या होत्या. सिव्हिल लाइन्समधल्या या क्लबात क्रोकेची, म्हणजे मोगरीने चेंडू कमानींतून न्यायच्या खेळाची, स्पर्धा दरवर्षी याच दिवसांत व्हायची, आणि कित्येक वर्षांत असा एकही कागद निघाला नव्हता ज्यावर शोभाताईंचं नाव नाही.

“अरे वहिनी! तुम्ही कायले आल्या एवढ्या सकाळी?” सेक्रेटरी देवराव खोलीतून लगबगीने बाहेर आले. वकील माणूस, जिभेवर कायम साखर. “तुमचं काम तर उद्या संध्याकाळी आहे.”

“कायचं काम?”

देवराव आत गेले आणि एक चषक घेऊन आले. त्याच्या पोटावर ठसठशीत अक्षरं कोरली होती: मनोहरराव ढोबळे स्मृतिचषक. त्यांनी तो असा धरला, की आता वहिनी पदर डोळ्यांना लावतील आणि आपण दोन धीराचे शब्द बोलू.

“कमिटीनं एकमतानं ठरवलं. तुमच्याच हातानं द्यायचा.”

शोभाताईंनी चषकाकडे पाहिलं आणि त्यांच्या कानशिलांतून जाळ निघाला.

मनोहरराव, त्यांचा नवरा, गेल्या पावसाळ्यात गेला. पाटबंधारे खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, दबदब्याचा माणूस. क्लबात रोज यायचा, पण आला की सरळ पत्त्यांच्या खोलीत. क्रोकेला तो ‘रिकामटेकड्यांची ठोकाठोक’ म्हणायचा. सगळ्या हयातीत त्याने या गवतावर पाय ठेवला असेल तो फक्त जळती सिगरेट विझवायला.

नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतून आलेली त्याची बायको सुरुवातीला व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून राहायची. इतर बायका नवऱ्यांच्या बदल्या आणि मोलकरणींच्या चोऱ्या यांवर बोलत. एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या जज्जबाईंनी तिच्या हातात मॅलेट दिलं, आणि तिथून शोभाताईंचं नशीबच फिरलं म्हणायला हरकत नाही. स्वभाव मुळातला तापट, आणि घरात तर तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. क्रोकेत मात्र आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला लागला, की दोन्ही शेजारी ठेवून त्याचा चेंडू लॉनच्या पार टोकाला भिरकावून द्यायचा हक्क मिळतो. दिवसभर गिळलेलं सगळं त्या एका फटक्यात निघून जायचं. घरी जाताना त्या अगदी शांत असायच्या. मनोहररावांना वाटायचं, बायको फार सोशिक आहे.

“मले खेळाचं आहे, देवरावजी. कप द्यायले कोणीबी मिळन.”

देवरावांनी चषक टेबलावर ठेवला. “वहिनी, आता तुम्हाले कसं सांगू? मेंबर मनोहरराव होते. तुम्ही त्यांच्या मेंबरशिपवर येत होत्या. ते गेले तर ती संपली. बायकांना वेगळी मेंबरशिप नाही. इतके दिवस आम्ही चालवून घेतलं, पण रूल आहे.”

“मंग पाहुणी म्हणून खेळतो.”

“पाहुण्यांना टूर्नामेंटमध्ये घेत नाही.” मग आवाज उतरवून, अगदी घरच्यासारखे ते म्हणाले, “आणि वहिनी, वर्षही झालं नाही अजून. लोक काय म्हणतील?”

“लोक?” शोभाताईंनी पत्त्यांच्या खोलीकडे मॅलेट रोखलं. “त्या खोलीतल्या लोकाइचा दोस्त मेला. किती दिवस पत्ते बंद ठेवले त्याइनं? चौथ्या दिवशी डाव मांडून बसले होते, मले मालूम आहे. त्याइले कोणी वर्ष मोजाले सांगितलं नाही?”

देवरावांनी कोणाला तरी हाक मारली आणि ते निघून गेले.

शोभाताई भिंतीपाशी उभ्या राहिल्या. वर विजेत्यांचा बोर्ड होता, सोनेरी अक्षरांचा. मिश्र दुहेरीखाली चार वेळा एकच जोडी: रुपराव खापरे आणि मिसेस एम. ढोबळे. म्हणजे जिंकायचं शोभाने आणि लिहायचं मनोहरला. इतक्या वर्षांत हे कधी खटकलं नव्हतं याचाच त्यांना संताप आला.

रुपराव लॉनवरच होते. निवृत्त फॉरेस्ट ऑफिसर, दर संध्याकाळी शोभाताईंचा जोडीदार. शेजारी एका डॉक्टरची तरुण बायको, त्यांची नवी जोडीदारीण, हात चोळत उभी होती. शोभाताईंना येताना पाहून रुपराव एकदम खाली वाकले आणि एका कमानीचा पाय तपासायला लागले.

“तुमाले माहीत होतं?”

“मीटिंगमध्ये विषय निघाला होता.” रुपराव कमानीशी बोलल्यासारखे बोलले.

“मंग तुमी काय म्हणलं?”

“सगळ्यांचंच मत पडलं की...”

“सगळ्याइचं नाही, तुमचं विचारून राहिली मी.”

रुपराव उभे राहिले. गोरा माणूस, कानापर्यंत लाल झाला. “मी म्हटलं, कप निदान चांदीचा करा.”

शोभाताई तिथूनच मागे वळल्या. बोलल्या असत्या तर तोंडातून सभ्य लोकांनी ऐकू नये असंच काही निघालं असतं. देवराव काय, उपराच. पण चार वेळा ज्याच्या बरोबरीने जिंकलो, त्याने आपल्यासाठी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी.

रामदासपेठेतल्या घरी खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ कांताबाई राहायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जाऊ द्या न बाई. मान देऊन राहिले ते. उद्या जा, कप द्या, या परत. भाऊजींचं नाव राह्यते.”

“नाव त्याइचंच राह्यते वं! मी जितली तं बोर्डावर त्याइचं. ते मेले तं कपावर त्याइचं. माझं कुठी राह्यते?”

“असं बोलू नये बाई गेलेल्या माणसाविषयी.”

“काहून बोलू नये? तीन महिने दवाखान्यात उशाशी बसली होती मी. रडली बी. मले त्याइच्याबद्दल जे वाटाचं ते वाटते. पण हे त्याइचं नाही, कांता. हे माझं होतं.”

कांताबाईने मान हलवली. तिला एवढंच कळलं, की बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

रविवारी शोभाताई गेल्या. मॅलेट घरीच ठेवलं. हिरव्या काठाची रोजचीच साडी नेसल्या होत्या, म्हणून दोन-तीन बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. अंतिम सामना संपला होता, रुपराव आणि डॉक्टरीणबाई जिंकले होते. लॉनच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, कटलेट आणि चहा फिरत होता. शोभाताईंना पहिल्या रांगेत, मधोमध, हार घातलेल्या फोटोशेजारी बसवलं.

देवरावांनी माइक हातात घेतला. पाटबंधारे झालं, दिलदार स्वभाव झाला, आणि मग ते गहिवरून म्हणाले, “या लॉनवर मनोहररावांचं अतोनात प्रेम होतं. आता वहिनींनी दोन शब्द बोलावे आणि कप द्यावा.”

शोभाताई उठल्या. माइकपाशी गेल्या.

“त्याइचं लॉनवर प्रेम नव्हतं,” त्या म्हणाल्या. “माझं होतं.”

लोकांना वाटलं, दुःखाने जीभ अडखळली. कोणीतरी हळहळलंसुद्धा. पण शोभाताई माइक सोडून लॉनवर उतरल्या आणि सरळ डॉक्टरीणबाईपुढे जाऊन त्यांनी हात पुढे केला. “दे वं बाई, जरा.” त्या पोरीने गडबडून मॅलेट दिलं. शोभाताईंनी निळा चेंडू पायाने ओढून घेतला, पदर खोचला आणि पहिल्या कमानीवर नेम धरला.

पहिलाच फटका चुकला. चेंडू कमानीच्या पायाला लागून बाजूला गेला आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं. फटका चुकला, की डाव समोरच्याकडे जातो. समोर कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा मारला. चेंडू आरपार गेला.

“वहिनी,” देवराव माइकवरूनच म्हणाले, “चहा थंड होऊन राहिला.”

त्यांनी मान वर केली नाही. दुसरी कमान. तिसरी. बाईला हाताला धरून ओढायचं, तर नवऱ्याच्या फोटोसमोर विधवेला हात कोण लावणार? त्यामुळे क्लबातले झाडून सगळे मोठे लोक तोंडात कटलेट घेऊन बसून राहिले. पत्त्यांच्या खोलीतले चौघे हातातली पानं तशीच घेऊन व्हरांड्यात आले. शोभाताई चौथ्या कमानीपाशी आल्या तसे रुपराव आपलं मॅलेट घेऊन लॉनवर उतरले.

“वहिनी, एकट्या कशाला? मी समोरून खेळतो.”

“तुमी बसा.”

ते लॉनच्या मध्यावर तसेच उभे राहिले, पुढे जाता येईना, परतही. शोभाताईंना त्यांच्या बाजूने वळसा घालून पाचवी कमान घ्यावी लागली. सहावी दोन फटके खाऊन गेली. मग मधली खुंटी; तिला चेंडू लागला की डाव पुरा. त्यांनी उगाच नेम धरला नाही, सरळ मारलं, आणि कोरड्या लाकडाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

टाळी कोणी वाजवली नाही. शोभाताईंनी मॅलेट परत दिलं. “कप पाह्यजे तं टेबलावरून घे, पोरी. मी देत नाही,” असं म्हणून त्या फाटकाबाहेर निघून गेल्या. कप देवरावांनीच दिला म्हणे, आणि भाषणात ‘वहिनींची मनःस्थिती’ असा शब्द दोनदा आला.

सोमवारी संध्याकाळी कांताबाई ओट्यावर मेथी निवडत होती. शोभाताई जिना उतरून आल्या. वेणी घातलेली, पायात चपला.

“कुठी चालल्या, बाई?”

शोभाताई थबकल्या. बाहेर नत्थूने सायकलरिक्षा उभी केली होती. या वेळेला तो त्यांना सिव्हिल लाइन्सला न्यायचा, आणि त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. राग अजून जिथल्या तिथे होता, छातीत, कालच्याइतकाच गरम. तो घेऊन जायचं कुठे, हे त्यांना सुचेना.

“कुठी नाही,” त्या म्हणाल्या. नत्थूला त्यांनी जायची खूण केली आणि चपला पायातच ठेवून कांताबाईशेजारी बसल्या. मग पुढ्यातली मेथीची जुडी ओढली आणि एकेक पान इतक्या जोराने खुडायला लागल्या, की कांताबाईने आपला हात मागे घेतला.