खड्यांत हरवलेलं झाड

बसा, सांगतो. आमच्या गल्लीतल्या वॉशरकाकांच्या डोक्याला काय ताप झालाय ते ऐकलंत तर हसाल. हसा, पण त्यांच्यासमोर नको.

काका प्लंबर. लोकांच्या घरात पाणी पोचवण्यात जन्म गेला, आणि पोरीनं गळ्यात काय बांधलं, तर पाणी नको म्हणणारं झाड. पोर लांब वाळवंटात रस्त्याच्या मोजणीवर गेली. जाताना कुंडी हातात देऊन म्हणाली, "बाबा, बी लावून वाढवलंय, चार वर्षं लागलीत. मी येईपर्यंत जगलं पाहिजे."

झाड कसलं, फुटका खडा. ना खोड ना फांदी. दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, मधे चीर. जिथलं हे मूळचं, तिथे नुसते दगडगोटे, पाऊस आला तर आला. तिथे हे गोट्यांत गोटा होऊन बसतं, म्हणजे तहानलेलं जनावर तोंड लावत नाही. पोटात नवी पानं धरली की ती जुन्या पानांतलं पाणी पितात आणि जुनी सुकत जातात. नेमकं तेव्हा वरून पाणी घातलं, की कुजलंच समजा.

हे काकांनी बायकोला नि थोरल्या बहिणीला घसा कोरडा पडेस्तोवर समजावलं. पण पानं सुरकुतायला लागली आणि दोघींचा जीव खालीवर. बायको येता-जाता कुंडीवर ओला हात झटकायची. ताई तर तोंडावर म्हणाली, "जगाच्या टाक्या भरतोस आणि पोरीचं झाड तहानेनं मारतोस?" काकांनी गॅलरीतला नळच काढून बूच मारलं. दुसऱ्या दिवशी माती ओली, आणि रिकामा पेला ताईच्या खुर्चीखाली.

मग काकांचं टाळकं सरकलं. त्यांच्या कामाची एक ऐट आहे, पाइप असा गाडतील की भिंतीलाही पत्ता लागणार नाही. तीच अक्कल इथे चालवली. घमेल्यात वाळू भरली, अगदी त्याच रंगाचे खडे हुडकून पसरले आणि झाड त्यात नेऊन लावलं. आता घाला म्हणाले पाणी, बघू कशाला घालता ते.

खरंच कुणाला सापडलं नाही. काकांनाही नाही.

कारण कोरडं पडलं की हे झाड अंग चोरून वाळूत खाली जातं. हे पोरीनं परवा फोनवर सहज सांगितलं, तेव्हा काकांना घाम फुटला. झाड हरवल्याचं तिला कळू दिलं नाही. उकरायची सोय नाही, मुळं दोऱ्यासारखी, तुटली की संपलं. आणि पोर येतेय रविवारी.

सकाळपासून घमेल्यापुढे उकिडवे बसलेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बायको म्हणाली, दुसरं आणून ठेवू, तिला काय कळतंय. काका परत खड्यांवर वाकले.

आणि ताई पेला घेऊन हजर. "सगळ्यावर एकदा ओत. फुगेल नि आपसूक वर येईल."

"ताई," काका दातओठ खात म्हणाले, "तू आत जा. नाहीतर मी घर सोडून जातो."

अजून दोघांतलं कुणीही हललेलं नाही.

तर तुमची नजर माझ्यापेक्षा बरी आहे, एवढं करा. चला माझ्याबरोबर, घमेल्यापाशी वाका आणि कुठल्या खड्याच्या मधोमध चीर दिसते का ते बघा. बोट तेवढं लावू नका. आणि ती पाण्याची बाटली इथेच ठेवा.